पणजोबा कुठले, आजी कुणाची: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात घराण्याचा शोध घेण्यावर दोन पानं लिहिली आणि पत्रांचा ढीग आला. निम्म्या पत्रांत 'आमचं घराणं मूळचं सरदारांचं होतं असं ऐकलंय, पुरावा कुठे मिळेल' हाच प्रश्न आहे, त्यांना सगळ्यांना एकदमच सांगते की आधी पणजोबा शोधा, सरदार नंतर बघू. बाकीच्यांतून हे सहा प्रश्न निवडलेत.

ताई, नमस्कार. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर आमचं आडनाव एक आहे, शेताच्या जुन्या फेरफारावर दुसरंच आहे, आणि पणजोबांना तर आडनावच नाही, नुसतं 'रामा बिन सखाराम' लिहिलंय. हे आमचेच का? सुरुवात कुठून करू? (एक वाचक, कराड)

तुमचेच असतील हो, पण आडनाव धरून शोधत बसलात तर कधीच सापडणार नाहीत. जुन्या सरकारी कागदात माणूस म्हणजे स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव, बस. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, काही ठिकाणी त्याच अर्थी 'वलद' येतं. बाई असली की 'सखूबाई जोजे रामा' किंवा 'काशीबाई भ्रतार गोविंदा', म्हणजे नवऱ्याचं नाव पुढे. आडनाव बऱ्याचदा पुढे शाळेत नाव घालताना किंवा गिरणीत नोकरी लागताना पक्कं झालेलं असतं आणि तिथे लिहिणाऱ्याला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं, त्यामुळे एकाच घरातला थोरला पाटीलकी होती म्हणून पाटील राहिला, मधला जाधव झाला आणि धाकटा मुंबईला जाऊन गावाच्या नावाला 'कर' लावून मोकळा झाला असं सर्रास दिसतं. आमच्याच घरात तीन आडनावं आहेत आणि एका लग्नात तर दोन्हीकडचे चुलतभाऊ निघाले होते, ते जाऊ दे.

तर धरायचं काय? गाव, बापाचं नाव आणि जमिनीचा सर्व्हे नंबर. माणसाचं नाव बदलतं पण सर्व्हे नंबर सहसा बदलत नाही, फक्त एकत्रीकरण योजनेत त्याचा गट नंबर झालेला असतो, तेव्हा जुना नंबर कुठल्या गटात गेला ते भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून काढून घ्या. मग आजच्या सातबाऱ्यावर जे फेरफार नंबर गोल करून लिहिलेले असतात ते धरून एकेक मागे जायचं. प्रत्येक फेरफार म्हणजे घरातली एक घटना असते, कुणी मयत झालं, कुणी विकलं, कुणी वाटणी मागितली. बऱ्याच जिल्ह्यांचे स्कॅन केलेले जुने उतारे आणि फेरफार सरकारच्या ई-अभिलेखवर मिळतात, तिथे नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि दोनचार हेलपाटे घालायची तयारी ठेवायची. त्यात 'ए.कु.मॅ.' दिसलं की घाबरू नका, एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे जमीन सगळ्या भावांची पण नाव थोरल्याचं. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, बाप लवकर गेला आणि पोर लहान होतं. या तीन अक्षरांवरून मला आमच्या घरातला एक अख्खा मृत्यू कळला जो कुणी कधी बोललंच नव्हतं.

दुसरी जागा गावची मराठी शाळा. जुन्या शाळांकडे जनरल रजिस्टर असतं, त्यात नाव, जात, जन्मगाव, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचं कारणसुद्धा. त्यातल्या जन्मतारखेवर मात्र विश्वास ठेवू नका. १ जूनला जन्मलेले लोक महाराष्ट्रात इतके का आहेत हे कुठल्याही जुन्या गुरुजींना विचारा. तारीख खरी हवी असेल तर गाव नमुना १४, म्हणजे ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते बघा, गावातले जन्म आणि मृत्यू त्यात लिहिले जायचे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली तेव्हा ही सगळी रजिस्टरं कपाटांतून बाहेर निघाली आणि अनेक जिल्ह्यांच्या वेबसाइटवर गाववार स्कॅनही चढले, त्याचा तुम्हालाही फायदा होईल, दाखला हवा असो नसो.

मराठवाड्यातल्या वाचकांनो, तुमच्याकडे निजामाचं राज्य होतं त्यामुळे जुने कागद उर्दूत असणार. खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक मागा, आणि वाचायला उर्दू जाणणारं कुणी सोबत न्या.

नाशिकला वडिलांचं कार्य करायला गेलो तेव्हा गुरुजींनी जुनी वही काढून आमच्या खापरपणजोबांनी केलेली नोंद दाखवली. अंगावर काटा आला. पण त्यात लिहिलेल्या सात पिढ्या खऱ्या मानायच्या का? (एक वाचक, पुणे)

काटा सगळ्यांनाच येतो, मलाही आला होता. पण वही वाचायची कशी ते सांगते. खापरपणजोबा ज्या दिवशी तिथे बसले त्या दिवशी जे जिवंत होते त्यांची नावं, म्हणजे भाऊ, मुलं, बरोबर आलेली बायकामाणसं, ही पक्की धरा, कारण समोर बसून सांगितलेली आहेत. त्यांचे वडील आणि आजोबासुद्धा बहुतेक बरोबर. त्याच्या वरच्या पिढ्या मात्र त्यांनीही ऐकलेल्याच होत्या, तिथे पेन्सिलने लिहा, शाईने नको.

ज्यांनी अजून पाहिलं नाही त्यांच्यासाठी: रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरला गेल्यावर आडनाव सांगून थांबू नका, मूळ गाव सांगा. तीर्थोपाध्यांकडे घराणी गावानुसार आणि जातीनुसार वाटलेली असतात, आणि उपाध्यांच्या घरात भावाभावांत वाटण्या झाल्या की वह्याही वाटल्या जातात, त्यामुळे एकाकडे नाही म्हणजे कुठेच नाही असं नसतं. पंढरपूर, काशी, गया, प्रयाग इथेही हेच. अशा तीर्थक्षेत्रांतल्या वह्यांची मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटाच्या जेनिआलॉजिकल सोसायटीने केलेली आहे, ती मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची संस्था, म्हणजे आपल्या पणजोबांची नोंद मॉर्मन लोकांनी जपून ठेवलीय, काय बोलणार! फोटो काढायचा तर आधी विचारा, दक्षिणा द्या. आणि स्वतःची नोंद कराल तेव्हा मुलींची आणि सुनांची माहेरच्या नावासकट लिहा, गुरुजी 'एवढं नको' म्हणाले तरी लिहा.

कोल्हापूर सांगलीकडच्यांनो, तुमच्या गावात सुगीनंतर हेळवी येतात का बघा. पिढ्यानपिढ्या ठरलेल्या घरांची वंशावळ सांगणं हाच त्यांचा व्यवसाय, पूर्वी बैलगाडीतून यायचे. आले की आधी मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि मग धान्य मोजायला घ्या.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, आता ठाण्यात राहतो, घराण्यातले बरेचजण इस्रायलला गेले. आडनाव पेणकर. आजीचे वडील कोकणातल्या एका कब्रस्तानात आहेत एवढंच माहीत आहे. जानेवारीत शोधायला जाणार आहोत, पण हिब्रू आम्हाला वाचता येत नाही. काय तयारी करू? (नातू, ठाणे)

जानेवारी निवडलीत हे फार बरं केलं. मी एकदा ऑगस्टमध्ये असंच एक जुनं कब्रस्तान बघायला गेले होते, छातीइतकं गवत, दगड दिसणं सोडा, दोन पावलांवरचं काही दिसेना, आणि सोबतचा मुलगा म्हणाला ताई इथे फुरसं असतं, मग काय, परत. कोकणात गवत वाळून बसल्याशिवाय जाऊ नये.

आधी आडनावाकडे बघा. तुमच्या समाजात आडनाव म्हणजे पत्ता: पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, केहिमकर. पण पेणकर असले म्हणजे पुरलेले पेणलाच असतील असं नाही, कारण आडनाव घेतल्यावर घरं पुढे सरकली, कुणी अलिबागला, कुणी रेवदंड्याला, कुणी पनवेलला. शेवटी राहायला कुठे होते ते आजीच्या पिढीतल्या माणसांना विचारा, इस्रायलमध्ये असतील तर व्हिडिओ कॉल करा आणि मराठीतच विचारा, गावांची नावं मराठीतच आठवतात. मग त्या गावच्या सिनेगॉगची, म्हणजे तुमच्या प्रार्थनास्थळाची, देखरेख करणारं कोण आहे ते शोधा, अलिबागला तर अख्खी इस्रायल आळीच आहे. कब्रस्तानाची किल्ली, वाट आणि जुनी वही असली तर ती, तिन्ही त्यांच्याकडेच मिळतील. नवगावलाही जाऊन या. जहाज फुटून सात जोडपी वाचली आणि बाकीच्यांना तिथे किनाऱ्याजवळ पुरलं ही कथा तुम्ही घरी ऐकली असेलच.

आता दगड. बऱ्याच दगडांवर हिब्रूबरोबर मराठी किंवा इंग्रजी असतं, तिथे अडचण नाही. नुसतं हिब्रू असेल तरी साल तुम्हाला काढता येईल. हिब्रूत अक्षरांनाच आकडे असतात आणि सालातले हजार बहुतेक वेळा लिहीत नाहीत. समजा ताव, रेश, पे अशी तीन अक्षरं आहेत, ताव ४००, रेश २००, पे ८०, मिळून ६८०. त्यात १२४० मिळवले की १९२० आलं. म्हणजे खरं तर १९१९ चा सप्टेंबर ते १९२० चा सप्टेंबर, कारण हिब्रू वर्ष शरद ऋतूत बदलतं. आणि दिवस सूर्यास्ताला बदलतो, त्यामुळे घरातल्या कागदावरची तारीख आणि दगडावरची तारीख यांत एका दिवसाचा फरक आला तर माणूस चुकला असं समजू नका. बावीस अक्षरांचा तक्ता प्रिंट करून न्या, नेटवर्क असेल या भरवशावर राहू नका. दगडाच्या शेवटी पाच अक्षरं पुन्हा पुन्हा दिसतील, ती नाव नाहीत हं, 'त्याचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो' या प्रार्थनेची आद्याक्षरं आहेत.

नावाचा घोळ इथेही आहेच. घरात जो शमुवेल तो कागदावर सामाजी, जो एझेकिएल तो हसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, ते मराठीत सामाजी हसाजी दिवेकर. तेव्हा आजीच्या वडिलांच्या नावाची दोन्ही रूपं आधीच वहीत लिहून ठेवा, नाहीतर समोर दगड असून पुढे निघून जाल.

आणि कृपा करून दगड घासू नका. तारेचा ब्रश नको, ॲसिड नको, खडूने अक्षरं गिरवणं नको, पीठ चोळणं तर अजिबात नको. साधं पाणी आणि मऊ ब्रश, तोही दगड भक्कम असेल तरच. झिजलेली अक्षरं वाचायची युक्ती उजेडात आहे: सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा, ऊन तिरपं पडलं की खोदकामात सावली बसते आणि अक्षर उठून दिसतं. दुपारच्या उन्हात कोरा वाटलेला दगड संध्याकाळी वाचता येतो. दगड सावलीत असेल तर आरशाने आणि ढग असतील तर टॉर्चने बाजूने उजेड पाडा. फोटो आधी लांबून काढा म्हणजे शेजारचे दगड येतील, मग जवळून, आणि मागची बाजूसुद्धा. शेजारी बहुतेक नातेवाईकच झोपलेले असतात.

वसईच्या एका वाचकानेही विचारलंय की पणजीची कबर चर्चमागे सापडत नाही. तुमच्याकडे जागा कमी, काही वर्षांनी त्याच खड्ड्यात दुसरं दफन होतं, हाडं काढून वेगळी ठेवतात. दगड नसला तरी पॅरिशच्या दफन रजिस्टरमध्ये नोंद असते, फादरना भेटा, बाप्तिस्म्याचं आणि लग्नाचं रजिस्टरही त्याच खेपेत बघून घ्या.

आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले ते परत आलेच नाहीत. घरात त्यांच्या नावाची ब्राँझची मोठी गोल तबकडी आहे, बाकी काही नाही. कुठे गेले असतील? (एक वाचक, सातारा जिल्हा)

ती तबकडी नीट ठेवा, कल्हई करायला देऊ नका! युद्धात मेलेल्यांच्या घरी ती पाठवत, साधारण १२ सेंटीमीटरची, नावापुढे हुद्दा मुद्दाम घातलेला नाही, शिपाई असो की अधिकारी. नाव तेवढं बारकाईने बघा, इंग्रजांनी कसं लिहिलंय ते, कारण कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर त्याच स्पेलिंगने शोधायचंय. फुकट आहे. शिंदे नाही मिळाले तर सिंदे, जाधव नाही मिळाले तर जादो करून बघा. नुसत्या नावाने शंभर निघतील, पण पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो, त्यावरून आपला माणूस ओळखायचा.

कबर असेल ही अपेक्षा ठेवू नका. मराठा पलटणी मोठ्या संख्येने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या, कुतच्या वेढ्यात ११० वी मराठा पलटण अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाल्यावर कैदेत गेली, कैदेत फार माणसं मेली. तिकडे गेलेल्यांची आठवण बसऱ्याच्या स्मारकावर आहे, पण साध्या हिंदी शिपायांची नावं त्या दगडावर नाहीतच, पलटणीचे किती मेले तो आकडा फक्त. राग येतो, यायलाच हवा. नावं रजिस्टरमध्ये आहेत आणि आता वेबसाइटवर सापडतात. फ्रान्सला गेले असतील तर नव्ह शापेलचं स्मारक, तिथे मात्र ४,७०० च्या वर हिंदी सैनिकांची नावं कोरलेली आहेत.

आणि गावाच्या चावडीवर किंवा वेशीत एक संगमरवरी पाटी आहे का बघा, 'या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, पैकी इतके मेले' अशी. बऱ्याच गावांत आहे, रंगकामात बुजलेली. तुमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावाला ते नाव या युद्धावरूनच पडलं, तिथले ४६ जण त्यात मेले होते.

ताई, सगळे वडिलांकडचंच शोधतात. मला माझ्या आजीचं माहेर हवंय. तिचं लग्नानंतरचं नाव सोडून कुणाला काही सांगता येत नाही, गाव मात्र नेवासा तालुक्यातलं होतं एवढं माहीत आहे. (एक वाचक, अहिल्यानगर)

तुमचं पत्र वाचून मी आधी चहा ठेवला, इतकं बरं वाटलं. वंशावळीत बायका नसतातच, नुसते बाप आणि लेक, जणू पोरं आपोआप झाली.

आजीचं नाव सासरच्या कागदात शोधू नका, तिच्या वडिलांच्या मरणाच्या फेरफारात शोधा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींनाही वारस धरलं, त्यामुळे आजीचे वडील त्यानंतर वारले असतील तर त्यांच्या वारसनोंदीत मुलींची नावं आली असणार, आणि ती नवऱ्याच्या नावाने, बहुतेक वेळा 'राहणार अमुक गाव' असं सासरचं गाव लावून. म्हणजे तुमच्या आजोबांचं नाव आणि तुमचं गाव तिकडच्या कागदात बसलेलं आहे. मग लगेच पुढच्या एकदोन फेरफारांत सगळ्या बहिणींनी भावांच्या हक्कात हक्कसोड केलेली दिसेल, साडीचोळीवर. त्या हक्कसोडीने बायकांची जमीन गेली, पण निदान नाव तरी कागदावर चढलं.

अडचण एवढीच की नेवासा तालुक्यातलं कुठलं गाव हे ठरवायचंय. त्यासाठी कागद नको, माणसं हवीत. आजोळी जायला कुठल्या एसटीत बसायचे, उतरून किती चालायचं, नदी लागायची का, जत्रा कुठल्या देवाची होती, मामा कुठल्या आठवडी बाजाराला जायचा, हे घरातल्या वयस्कर बायकांना विचारा, 'माहेरचं आडनाव काय' असं विचारू नका, त्याने त्या गप्प होतात. जुनी लग्नपत्रिका, भांड्यावर घातलेलं नाव (आहेराच्या तांब्यावर देणाऱ्याचं नाव आणि गाव असतं, माळ्यावरची भांडी खाली काढा), आजीच्या दिवसांना आलेल्या मामांच्या घरच्या टॉवेल टोपीची यादी, काहीही चालेल. आणि आजी शाळेत एक वर्ष जरी गेली असेल तरी तिचं लग्नाआधीचं पूर्ण नाव त्या गावच्या जनरल रजिस्टरमध्ये आहे.

घरात मोडीतले आठ कागद निघाले. वाचून द्यायला एकाने एका पानाचे भरपूर पैसे सांगितले. काय करू? शिवाय तारीख काहीतरी अरबीत आहे. (एक वाचक, वाई)

आधी कागद उलगडून प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, लॅमिनेशन तर मुळीच नाही, जुन्या धुतलेल्या सुती कापडात ठेवा. पेशवे दफ्तरातले कागदसुद्धा कापडी रुमालातच राहिलेत. मोडी वाचून घेताना नुसतं 'भाषांतर' घेऊ नका, आधी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, जसंच्या तसं लिप्यंतर मागा आणि त्याखाली अर्थ, म्हणजे वाचणाऱ्याने अंदाज कुठे मारलाय ते कळतं. मोडीत ऱ्हस्वदीर्घ नसतं, शब्द सलग असतात, चांगला वाचकही अडतो, आणि जो अडतच नाही त्याच्याकडे मी जाणार नाही. एकच पान आधी द्या. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात, जमलं तर तुम्हीच शिका.

तारीख अरबी दिसते तो सुहूर सन आहे, मराठेशाहीतल्या कागदांत चालणारी कालगणना, आकडे शब्दांत आणि उलट क्रमाने, एकम आधी. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, ११७१. त्यात ५९९ मिळवा, १७७० आलं, आणि वर्ष मृगाला सुरू होतं म्हणून १७७०-७१ म्हणायचं. शके असेल तर ७८ मिळवा, फसली, म्हणजे जुनं महसुली साल, असेल तर ५९०.

पुढच्या वेळी कागदाचे फोटो पाठवाल तर सरळ वरून काढा, कडा दिसू देत, आणि पत्रासोबत मूळ कागद पोस्टाने पाठवू नका. दोघांनी पाठवलेत, ते माझ्याकडे आहेत, येऊन घेऊन जा.